संगमरवरावरचा कोरडा डाग

चौतीस वर्षांच्या नोकरीतले खून, दरोडे, दंगली आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगताना माझा गोंधळ उडतो. पण खराडीतल्या एका कचेरीच्या पांढऱ्या फरशीवरचा डाग मी आजही कागदावर काढून दाखवू शकेन. त्या प्रकरणात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, आणि तरी निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त वेळा आठवतं ते तेच. नावं कुणाचीच घेत नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून नोकरीधंद्याला आहेत.

नवीन शतक सुरू होऊन चार-सहा वर्षं झाली होती. खराडीत जिथे ज्वारी निघायची तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या हद्दीत पूर्वी बैल चोरीला जायचे, आता लॅपटॉप जाऊ लागले होते, एवढाच काय तो फरक. माणूसबळ मात्र बैलांच्या काळातलंच होतं. मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो.

श्रावणातला शुक्रवार होता. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. एका सॉफ्टवेअर कंपनीचा व्यवस्थापक बोलत होता. कर्मचारी विभागाच्या प्रमुख बाईंच्या केबिनच्या दारात रात्री कुणीतरी ॲसिड टाकलं होतं. मी हवालदाराला आणि फोटोग्राफरला घेऊन निघालो.

तिसऱ्या मजल्यावर सगळीकडे पांढराशुभ्र संगमरवर होता, नुकताच बसवलेला. केबिनच्या दारासमोर वीतभर रुंदीचं एक गोल कडं उमटलं होतं आणि त्याच्या आजूबाजूला थेंबांचे ठिपके होते. तेवढ्या जागेची चकाकी साफ गेली होती. बोट फिरवलं की खरखर लागायची आणि बोटाला पांढरी भुकटी यायची. हवालदाराने ती भुकटी ब्लेडने खरवडून कागदाच्या पुडीत घेतली. तिच्यात एक तपकिरी धागा निघाला, तोही घेतला. पंचनाम्यात आम्ही लिहिलं, ‘पांढरी भुकटी व एक तपकिरी धागा, अंदाजे दोन इंच.’

बाई चाळिशीच्या होत्या. पुण्याच्याच, बोलायला तोंडावर स्पष्ट. सोमवारी परदेशातले पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते या मजल्याचं उद्घाटन होतं. “दारात टाकलंय, उद्या तोंडावर टाकतील,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या काळात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येत होत्या, त्यामुळे त्यांची भीती खोटी नव्हती. अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदला.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा म्हणाला, “बुधवारी काढून टाकलेल्या वॉचमनला विचारा. जाताना मॅडमना धमकी देऊन गेलाय. ‘बघा मॅडम, दाखवतो,’ असं म्हणाला. चार जणांनी ऐकलंय.” फोन बंद झाला.

निनावी फोन आला की पोलिसाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. फोन कुणी केला आणि त्याला त्यात काय मिळणार, हे विचारायची सवय मला पुढे लागली.

तो सुरक्षारक्षक तेवीस वर्षांचा, यवतमाळकडचा. चंदननगरला तिघांत एक खोली करून राहत होता. ड्यूटीवर टेबलाखाली पुस्तक धरून वाचताना दोनदा सापडला म्हणून त्याला काढलं होतं. खोलीची झडती घेतली तेव्हा ती पुस्तकं सापडली. पोलीस भरतीची होती. तो मैदानी चाचणीत आणि लेखी परीक्षेत पास झाला होता आणि चारित्र्य पडताळणीचे कागद यायचे बाकी होते. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही माहीत होतं, की नावावर गुन्हा लागला तर ती भरती तिथेच संपली.

न्हाणीघरात ॲसिडची बाटली मिळाली. बिअरची रिकामी बाटली, लेबल नाही, बुचाला प्लॅस्टिक बांधलेलं. ती जप्त केली. कंपनीच्या फाटकावरच्या वहीत गुरुवारी संध्याकाळी त्याची नोंदही होती. गणवेश परत करायला आला, सहा वाजता आत गेला, सातला पाच कमी असताना बाहेर पडला. धमकी, ॲसिड आणि हजेरी, तिन्ही गोष्टी जुळल्या. वरिष्ठ म्हणाले, “रविवारपर्यंत अटक दाखवा. सोमवारी गोरे पाहुणे येतायत, वरून फोन यायला लागलेत.”

मी त्याला समोर बसवला.

“गणवेश द्यायला तासभर लागतो?”

“नाही जी.”

“मग काय करत होतास?”

“खालीच होतो साहेब. ऑफिसात.”

“खालच्या ऑफिसातला माणूस सांगतो, तू पाच मिनिटांत सही करून गेलास. बाकीचा वेळ कुठे होतास?”

तो गप्प बसला. मी आवाज चढवला. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, “म्या ॲसिड नाही टाकलं साहेब. माह्या मायची आन.”

“वर गेला होतास की नाही?”

“म्या ॲसिड नाही टाकलं.”

एका प्रश्नाला उत्तर आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे तिथेच पाणी मुरतंय, हे आम्हाला शिकवलेलं असतं. ते खरंही आहे. पण लपवणारा माणूस तोच गुन्हा लपवत असतो असं नाही, हे मात्र कुणी शिकवत नाही. माझ्या मनाने त्याला आरोपी ठरवून टाकलं होतं. अटक न दाखवता त्याला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवला. हे नियमात बसत नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

शनिवारी सकाळी मुद्देमाल प्रयोगशाळेकडे पाठवायला सीलबंद करत होतो. हवालदाराने शेवटचं तपासायला पुडी उघडली आणि तो धागा चिमटीत धरून खिडकीपाशी नेला. आमचा हवालदार खाण्याचा शौकीन. स्वयंपाकघरातलं त्याला जेवढं कळायचं, तेवढं कलमांतलं कळत नसे.

“साहेब, हा धागा नाही. ही चिंचेची शीर आहे.”

“काय?”

“चिंच कोळली की निघते ती. माझ्या आमटीत रोज एक तरी असते. बायकोला सांगून थकलो.”

मी हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही. ॲसिड टाकायला आलेला माणूस चिंच घेऊन कशाला येईल? प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन-चार महिने लागणार होते आणि माझ्या हातात एक दिवस होता. तेव्हा मला शाळेतले सर आठवले. ते शनिवार पेठेत राहायचे. आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे आणि तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं. मी पुडी आणि फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो.

सरांनी दार उघडलं आणि गणवेशाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“या. माझ्या हातून काय घडलं?”

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती मध्ये एकदाही न थांबवता ऐकली आणि मग विचारलं, “दहावीला तुला रसायनशास्त्रात किती होते?”

“पस्तीस, सर.”

“तरीच.”

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला संगमरवराचा एक तुकडा त्यांनी उचलायला सांगितला. देवघर करताना उरलेला होता. मी त्याचे हातोडीने दोन तुकडे केले. सर न्हाणीघरात गेले आणि ॲसिडची बाटली घेऊन आले. लेबल नाही, बिअरची बाटली, बुचाला प्लॅस्टिक बांधलेलं. मी बाटलीकडे बघतच राहिलो.

“हातगाडीवाला सगळ्या पुण्याला हीच विकतो,” सर म्हणाले. “मला अटक करायची असेल तर चहा घेऊन करा.”

एका तुकड्यावर त्यांनी ॲसिडचे थेंब टाकले. लगेच फसफस झाली, फेस आला, दगडाला खड्डा पडू लागला. दुसऱ्या तुकड्यावर भिजवलेल्या चिंचेचा गोळा ठेवला. तिथे काहीच होताना दिसलं नाही.

“आता नीट ऐक. त्या वेळी ऐकलं नाहीस. संगमरवर म्हणजे दगडाच्या रूपातला खडू. आम्लाला भेटला की विरघळतो, वायू सुटतो आणि मागे एक क्षार उरतो. आम्ल बदललं की क्षार बदलतो. संडासाच्या ॲसिडने जो क्षार होतो, तो हवेतलं पाणी ओढून घेतो. श्रावणातल्या हवेत तो कोरडा राहणंच शक्य नाही, चिकट ओला होतो. चिंचेच्या आम्लाचा क्षार पांढरा, कोरडा, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. तुझी पुडी कशी आहे?”

मी पुडी उघडली. कालपासून ती माझ्या टेबलावर पडून होती. भुकटी कोरडी ठणठणीत होती.

“हे तुझं उत्तर,” सर म्हणाले. “पण पोलिसाचा विश्वास पुराव्यावर. दोन्ही तुकडे इथे ठेव, संध्याकाळी ये. चिंच मी तासाभराने धुऊन टाकतो.”

संध्याकाळी गेलो. ॲसिडच्या तुकड्यावरचा खड्डा बोटाला ओला, चिकट लागत होता. चिंचेचा तुकडा कोरडा होता आणि तेवढ्या जागेची चकाकी गेली होती. खड्डा नाही, फक्त खरखर. फरशीवरच्या डागासारखीच. मी सरांच्या पाया पडलो. “पाया काय पडतोस,” ते म्हणाले, “त्या मुलाला सोड आधी.”

मी तिथून हवालदाराला बोलावून घेतलं आणि थेट कंपनीत गेलो. पाहुण्यांच्या तयारीसाठी बाई शनिवारी संध्याकाळीही कचेरीत होत्या. मी त्यांना पहिल्यांदा तो प्रश्न विचारला जो शुक्रवारीच विचारायला हवा होता. “तो रक्षक जाताना नेमकं काय म्हणाला? शब्द न् शब्द सांगा.”

त्यांनी आठवून सांगितलं, “ ‘बघा मॅडम, भरतीत लागून दाखवतो.’ मला तेव्हा राग आला होता. पण धमकी वगैरे वाटली नव्हती. ॲसिड पाहिल्यावर सगळंच वेगळं वाटायला लागलं.”

फोनवाल्याने मधले दोन शब्द गाळले होते. तो त्याच एजन्सीतला एक सहकारी होता, हे नंतर कळलं. ती ड्यूटी त्याला स्वतःच्या भावासाठी हवी होती.

“उद्घाटनाला दीपप्रज्वलन आहे का?” मी विचारलं.

“आहे ना. तीन फुटी समई आणलीय. काळी पडली होती, गुरुवारी घासून घेतली.”

समई कोठीत कापडाखाली होती. आम्ही कापड काढलं. पितळ असं झळकत होतं की त्यात माझी टोपी दिसत होती. हवालदाराने सुतळीने बैठकीचं माप घेतलं आणि आम्ही ती सुतळी डागाच्या कड्यावर धरली. तंतोतंत जुळली.

समई घासली होती पँट्रीतल्या मावशींनी. वय पन्नाशीचं, वाघोलीच्या पुढच्या गावातून रोज यायच्या. शुक्रवारी आम्ही सगळ्या कामगारांकडे चौकशी केली तेव्हा त्यांनाही विचारलं होतं. मी त्यांना ‘ॲसिड वापरता का’ असं विचारलं होतं आणि त्यांनी ‘न्हाय, म्या त्येला हात बी लावत न्हाय’ असं सांगितलं होतं. त्यांचं उत्तर शंभर टक्के खरं होतं. प्रश्नच चुकीचा होता.

त्याही तयारीसाठी थांबल्या होत्या. आता त्यांना डागापाशी बोलावून मी म्हणालो, “मावशी, समई कशी घासलीत ते सांगा.”

“कशी म्हंजी? चिंच न् मीठ. पँट्रीचं सिंक एवढंसं हाय, त्यात ती मावंना. म्हून हितं, मोकळी जागा व्हती, हितं बसले. चिंच थापून तासभर ठिवली. मग पुसली. फरशी बी पुसली सायेब, लई घासून पुसली. वल्ली व्हती तवा चकचकत व्हती.”

ओला संगमरवर चकाकतोच. डाग दिसतो तो वाळल्यावर. त्या घरी गेल्या, रात्री फरशी वाळली, आणि सकाळी पहिल्या आलेल्या माणसाने तोंडातून काढलेला पहिला शब्द ‘ॲसिड’ हा होता. त्यानंतर चिंचेकडे कोण बघणार? मावशींनाही वाटलं, की आपण पुसून गेल्यावर खरंच कुणीतरी येऊन काहीतरी टाकलं. शहाबादी फरशीवर, शेणाच्या जमिनीवर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने भांडी घासली. कुणाच्या घरात परदेशातून आणलेला संगमरवर होता?

“तुमच्यासोबत तेव्हा कुणी होतं का?” मी विचारलं.

त्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या. “त्यो पोरगा व्हता. कापडं द्याया आला व्हता, तोंड पार सुकल्यालं. म्या वर बोलावलं, चहा दिला, दोन पोळ्या दिल्या. समई धराया त्यानंच हात लावला. भायेरच्याला पँट्रीत घ्यायचं न्हाय, असा कायदा हाय हितं. म्हून म्या त्याला म्हनलं, कुनाला बोलू नगं, माजी नोकरी जाईल. आन त्यो बोलला न्हाय?”

“नाही,” मी म्हणालो. “तो बोलला नाही.”

मी शुक्रवारी ज्या गप्प बसण्याला गुन्हा समजलो होतो, ते हे होतं. दोन पोळ्या आणि एक कप चहा. त्यासाठी त्या मुलाने आपली भरती पणाला लावली होती. मी खिडकीकडे जाऊन उभा राहिलो.

मावशी बाईंच्या पुढे हात जोडून उभ्या होत्या. फरशीचा खर्च पगारातून कापा, पण काढू नका, असं म्हणत होत्या. व्यवस्थापक काहीतरी नियम सांगू लागला. बाईंनी त्याला थांबवलं.

“समई घासायला मी सांगितली होती. फरशी निवडताना आपल्यापैकी कुणी विचारलं होतं का, की तिच्यावर चिंच चालेल का? नाही ना? मग आपण दोघं पगार कापून घेऊ, चालेल तुम्हाला?” व्यवस्थापकाला चाललं नाही. डागावर सोमवारी गालिचा टाकला. मावशी त्याच नोकरीतून पुढे निवृत्त झाल्या.

बाई माझ्यासोबत ठाण्यात आल्या, लेखी जबाब दिला. रक्षकाला समोर बसवून म्हणाल्या, “चुकलं माझं. घाबरले होते.” तो उभा राहिला आणि “काही नाही मॅडम” म्हणाला. पुढे कोर्टाला ‘क’ समरी पाठवली. गुन्हा गैरसमजुतीतून नोंदला गेला, असं कळवण्याची आमची ती पद्धत. रक्षकाचं नाव कुठल्याही कागदावर चढवलं नाही, आणि त्याच्या पडताळणीचं पत्र आलं तेव्हा उत्तर मी स्वतः लिहिलं. तो भरती झाला. विदर्भातल्या एका जिल्ह्यात आज तो हवालदार आहे, असं ऐकून आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, की साक्षीदाराला त्याच्या शब्दांत विचारा, तुमच्या शब्दांत नाही. तुम्ही ॲसिडबद्दल विचाराल तर चिंच लावणारी बाई नाहीच म्हणणार, आणि ती खोटं बोलत नसणार. सांगतो, की धमकी ऐकलीत तर पूर्ण वाक्य ऐका. सांगतो, की एका घरात सापडलेली बाटली दहा घरांत असते का ते बघा. ही भाषणं मी प्रशिक्षण केंद्रात बऱ्याचदा दिली आहेत आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात.

पण वर चौकशीची हकीकत लिहिताना मी एक गोष्ट गाळली. ‘मी आवाज चढवला’ असं लिहिलं आहे, ते पुरतं खरं नाही. मी त्याच्या कानशिलात मारली होती. एकदाच, पण जोरात. त्याचा ओठ दातावर आपटून फुटला होता. स्टेशन डायरीत त्या दिवसाची बारीकसारीक नोंद आहे, चहा किती वाजता आला तेही आहे. ती चपराक नाही.

शनिवारी मी त्याला ठाण्याच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. अधिकाऱ्याने असं करायची रीत नाही, तरी गेलो. माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. तो म्हणाला, “माह्या कागदावर काही येईन का जी?” मी सांगितलं, काही येणार नाही, मी बघतो. त्याला हायसं वाटलं. निघाला, दोन पावलं गेला आणि परत वळला. ओठ अजून सुजलेला होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. भरती होणाऱ्या पोराला पुढे काय काय शिकावं लागेल याची खरीखुरी काळजी होती.

“साहेब, ट्रेनिंगमधी हे पण शिकवतेत का जी?”

“नाही,” मी म्हणालो.

मग तुम्ही कुठून शिकलात, हे त्याने विचारलं नाही.